निसटलेला सांधा

योलिमा आरेवालो आणि मी एकाच खोलीत बसायचो. गणित विभागाच्या वरच्या मजल्यावर, डोंगराकडे तोंड केलेली खोली. त्या खोलीच्या खिडकीची एक काच कधी नीट बसलीच नाही, त्यामुळे बोगोतातली थंडी आधी आमच्याकडे यायची आणि मग बाकीच्यांकडे जायची. मी समीकरणं शिकवते, इंजिनियर होणाऱ्या मुलांना उपयोगी पडणारी, साधीसुधी. योलिमा संचसिद्धांतातली. "तुझ्या त्या अनंतांनी कधी कुणाचा पूल बांधलाय का गं?" असं मी तिला चिडवायची. ती मान वर न करता म्हणायची, "तुझ्या समीकरणांनी बांधलेले पूल मी पाहिलेत, नीदिया. मी होडीने जाते."

तिच्या प्रबंधाचा विषय तिने मला इतक्या वेळा सांगितला होता की तो मला जवळजवळ कळला होता. संख्यारेषेवरचे बिंदू घ्यायचे, त्यांचे संच करायचे. काही संच गुणी असतात, त्यांना कसोटी लावली की उतरतात. काही असे विचित्र की कुठलंच माप त्यांना लागू पडत नाही. आता ज्या संचाची व्याख्या कागदावर लिहिता येते तो तरी गुणी असायलाच हवा, असं कुणालाही वाटेल. पण तसं सिद्ध करता येत नाही. काही गणिती विश्वांत ते खरं निघतं, काहींत खोटं. मग ही मंडळी काय करतात, तर असलेल्या विश्वात बाहेरून नवे बिंदू आणून घालतात, एकेक अट पाळत, जपून, आणि आपल्याला हवं तसं विश्व उभं करतात. ह्याला फोर्सिंग म्हणतात.

असं विश्व उभं करताना काही वेळा एक अवाढव्य अनंत आधीच गृहीत धरावं लागतं. त्याला दुर्गम अनंत म्हणतात. लांबीची कसोटी लावायची तर ते लागतंच, हे जुनं ठरलेलं. दुसऱ्या एका कसोटीला ते लागत नाही, हेही ठरलेलं. योलिमाने तिसरीच एक कसोटी घेतली होती आणि सिद्ध केलं होतं की तिलाही ते लागत नाही. ज्याची म्हणून व्याख्या करता येते तो झाडून प्रत्येक संच गुणी, आणि दुर्गम अनंताचं नावसुद्धा काढायचं नाही. आमच्या विभागात इतकं मोठं काही फार वर्षांत झालं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक एवेलियो सिफुएन्तेस. आम्ही सगळे त्यांना प्रोफे म्हणायचो. ह्या देशात हा विषय ज्यांनी रुजवला त्या दोन-चार माणसांतले ते एक. त्या वर्षअखेर ते निवृत्त होणार होते. योलिमाचं प्रमेय त्यांनी बाहेर तीन देशांत जाऊन सांगितलं होतं आणि त्याच्या आधारावर स्वतःचा एक पेपरही लिहायला घेतला होता. ते बोलताना "माझी योलिमा" म्हणायचे. विभागात ह्यावरून चेष्टा चालायची, पण मागे.

व्हायवा शुक्रवारी होता. परीक्षक म्हणून बार्सिलोनाहून डॉक्टर नुरिया कासादेमुंट येणार होत्या, आणि विभागातले दोघे. दुइतामाहून योलिमाची आई येणार होती. तिला काही तरी समजावं म्हणून योलिमाला भाषणाच्या सुरुवातीला एक अगदी लहान उदाहरण हवं होतं. मंगळवारी दुपारी ती फळ्यापाशी उभी राहून तेच करत होती. मी पेपर तपासत होते.

तिच्या बांधणीत एक नाजूक जागा होती. नवे बिंदू घालताना त्यांच्यातला कुणीही व्याख्येने वेगळा काढून दाखवता येता कामा नये, कुणीही कुणाच्या जागी बसला पाहिजे. त्यासाठी दर टप्प्यावर दोन सारखे भाग शेजारी ठेवून सांधायचे, एक भाग जणू दुसऱ्याचा आरशातला. आणि सांधताना एक काळजी घ्यायची. एकमेकींशी न पटणाऱ्या अटींची गर्दी मोजता येण्याइतकीच राहिली पाहिजे. गर्दी त्यापलीकडे गेली की सगळ्यात लहान न मोजता येणारं अनंत कोसळायला वाट मोकळी होते, आणि ते कोसळलं की वरचं सगळं खाली. चौथ्या प्रकरणातलं सातवं उपप्रमेय हेच सांगायचं, की सांधा मजबूत आहे, गर्दी वाढत नाही.

फळा पुसल्याचा आवाज आला. मग पुन्हा खडूचा. मग पुन्हा पुसल्याचा.

"झालं का गं तुझं चित्र?" मी विचारलं.

 मी वर पाहिलं तर ती डस्टर हातात धरून उभी होती, फळ्यापासून दोन हात मागे, आणि तिच्या बाहीला कोपरापर्यंत खडू लागला होता.

"नीदिया, इकडे ये. ह्या दोन अटी. ह्यांचं पटतं का?"

"मला काय विचारतेस? माझा आणि तुझ्या अटींचा काय संबंध?"

"ये ना."

मी गेले. तिने समजावलं, मी ऐकलं. दोन अटी डावीकडे पटत होत्या. उजवीकडेही पटत होत्या. पण आरशामुळे डावीकडे त्यांना पटवायला गेलं की उजवीकडे तुटत होतं. मी म्हटलं, "मला तर पटत नाहीयेत असं दिसतंय. म्हणजे?"

"म्हणजे अशा दोनच नाहीत," ती म्हणाली. "अशा मोजता येणार नाहीत इतक्या आहेत."

तिने खडू खाली ठेवला, परत उचलला. मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. माणूस खिशात चावी चाचपतो, दुसऱ्या खिशात चाचपतो, आणि मग पहिल्याच खिशात पुन्हा हात घालतो, तशी ती त्याच ओळी पुन्हा पुन्हा लिहीत होती.

"चूक असेल कुठे तरी," मी म्हटलं.

"हो. कुठे, तेच कळत नाहीये. फळ्यावर की प्रबंधात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रोफेंच्या घरी निघाली. मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीने जायचं धाडस माझ्यात नाही." तेउसाकियो भागात विटांची जुनी घरं आहेत, त्यातलं एक त्यांचं. पत्नी गेल्यापासून एकटेच राहायचे. त्यांनी आमच्यासाठी गरम चॉकलेट फेसून ठेवलं होतं, त्यात बुडवायला चीज, शेजारी आल्मोहाबाना, चीज घातलेले छोटे पाव. योलिमाने काही तोंडाला लावलं नाही. तिने सरळ कागद काढून उदाहरण मांडलं.

प्रोफेंनी चष्मा लावून पाहिलं. हसले.

"घाबरली आहेस. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला भिंतीला तडे दिसतात. मला माझ्या वेळी दोन अधिक दोन पाच वाटत होते."

"प्रोफे, गर्दी मोजता येत नाही इथे."

"येते. ही अट आणि ही अट, दोघींना डावीकडून वाढव. पटतील."

"मी वाढवून पाहिलं. उजवीकडे..."

"नीट वाढव." त्यांनी पेन्सिलीने तिच्या कागदावर एक बाण काढला. "हे असं. दिसतंय?"

योलिमा त्या बाणाकडे बघत राहिली. मला वाटलं ती वाद घालेल, पण तिला तिथल्या तिथे सांगता येईना की बाण चूक आहे. तो बरोबर असण्याची थोडी आशा तिलाही होती. तिची बोटं कागदाची कड चुरगळत होती, आणि हे मला आठवतं की प्रोफेंनी तो कागद हलकेच तिच्या हातातून काढून घेतला.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "नुरियाने सगळं वाचलंय. तिला काही सापडलं नाही. मी वाचलंय. मला सापडलं नाही. शुक्रवार होऊ दे. नंतर निवांत बसून बघू, काय बारीकसारीक असेल ते."

"पण खोटं असेल तर?"

"खोटं नाहीये!" कप बशीवर आपटला. थोडं चॉकलेट टेबलावर सांडलं आणि ते रुमालाने पुसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग शांतपणे म्हणाले, "मी हे तीन देशांत सांगून आलोय, योलिमा."

बाहेर आल्यावर ती फुटपाथवर उभी राहिली आणि मला म्हणाली, "ते बरोबर असतील ना?" मी म्हटलं, "तेच बरोबर असतील." मला काय माहीत होतं? पण तिला काही तरी हवं होतं.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघी बस टर्मिनलवर तिच्या आईची वाट बघत होतो. बस उशिरा होती. योलिमा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मांडीवर बोटाने काही तरी रेघोट्या मारत होती. आजूबाजूला माणसं, बोचकी, लाउडस्पीकरवर सोगामोसो, तुंखा, पाइपा अशी गावांची नावं. अचानक तिचं बोट थांबलं.

"बाण चूक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"प्रोफेंचा बाण. डावीकडून वाढवलं की आरसा उजवीकडे ज्या बिंदूला हात लावतो, तो बिंदू दुसऱ्या अटीने आधीच अडवलाय. सुटकाच नाही. आणि नुसती गर्दी नाही, नीदिया. ह्या अटी वापरून ते अनंत मोजता येतंय. ते खरंच कोसळतं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पाच वर्षं. सगळं त्या सातव्यावर उभं आहे."

मी तिचा हात धरला. गार होता. तेवढ्यात दुइतामाची बस आली.

तिची आई, दोन्या रोसाल्बा, खाली उतरली ती आधी बोचकं, मग डबा, मग स्वतः अशी. अंगावर नवा कोट, केसांना नवा रंग. "पोरी! किती वाळलीस! ही बघ, किती वाळली ही!" हे मला उद्देशून. "डॉक्टरीण होणारी बाई अशी दिसते का? मी एन्वुएल्तो आणलेत, मक्याचे, मनुका घालून. परीक्षकांनाही देऊ. खाल्लेल्या तोंडाने माणूस कठीण विचारत नाही."

योलिमा हसली. ते हसू मला बघवलं नाही.

"सगळं ठीक ना?" आईने विचारलं.

"ठीक, आई."

"आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून आलेय. पाद्रीबाबांनासुद्धा. ते विचारत होते, हे अनंत म्हणजे देवाच्याच खात्यातलं ना? मी म्हटलं, माझी मुलगी बघून घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी विद्यापीठाकडे निघालो, आणि दोन चौक अलीकडेच बस थांबली. पुढे धडाम धडाम आवाज येत होते. विद्यापीठाच्या फाटकापाशी निदर्शनं करणारी, तोंडं झाकलेली मुलं घरी बनवलेले बटाटा-बॉम्ब फेकत होती, समोर पोलिसांची गाडी, वाऱ्याबरोबर अश्रुधूर रस्त्यावर आलेला. दोन्या रोसाल्बाने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाली, "हे तुझ्या परीक्षेसाठी?" योलिमा हसत सुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, धुराने की कशाने कोण जाणे. "बंद!" ती म्हणाली. "नीदिया, फाटक बंद! आज काहीच होणार नाही!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने खोल श्वास घेतला, आणि धूर आत गेल्यामुळे खोकत बसली.

तिचा फोन वाजला. प्रोफे होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "काळजी करू नकोस. मी व्यवस्था केली आहे. आमच्या भागातल्या वाचनालयाचा हॉल मिळालाय. नुरियाला घेऊन मी निघतोय. टॅक्सी कर आणि ये."

 टॅक्सीत आई बोचकं मांडीवर घट्ट धरून बाहेर बघत होती. तेउसाकियो जवळ आलं तेव्हा योलिमा ड्रायव्हरला म्हणाली, "जरा हळू घ्या ना." तो म्हणाला, "बाई, मी थांबलोच आहे. सिग्नल आहे."

वाचनालयाच्या त्या हॉलमध्ये एरवी बुद्धिबळ मंडळ भरायचं. भिंतीला लागून मोहऱ्यांचे डबे, कोपऱ्यात चाकांवरचा एक हिरवा फळा, तोही लहान. पंधरा-वीस माणसं जमली. पहिल्या रांगेत तिन्ही परीक्षक, त्यांच्या शेजारी प्रोफे, राखाडी सूट आणि लाल टाय घातलेले. डॉक्टर कासादेमुंट बारीक चणीची, आखूड केसांची बाई. त्यांनी दोन्या रोसाल्बाशी हात मिळवला आणि विचारलं, "आई ना?"

योलिमा फळ्यापाशी गेली. तिने प्रमेय लिहिलं, पूर्ण, सुंदर अक्षरात. मग वळली. 

"हे माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रमेय," ती म्हणाली. "माझ्याकडे ह्याची सिद्धता नाही. चौथ्या प्रकरणातलं सातवं उपप्रमेय चूक आहे. मी तुम्हाला उदाहरण दाखवते."

एखाद्या खोलीत फ्रिज चालू असतो आणि तो बंद पडल्यावरच कळतं की आवाज येत होता, तसं झालं. प्रोफे उठून उभे राहिले.

"तिची मनःस्थिती ठीक नाही," ते परीक्षकांना म्हणाले. "चार दिवस झोप नाही. मला वाटतं आपण थोडं थांबून..."

"मला झोप लागते, प्रोफे," योलिमा म्हणाली.  "मला फक्त दाखवू द्या."

"बसा ना, एवेलियो," डॉक्टर कासादेमुंट म्हणाल्या. "दाखव."

तिने दाखवलं. मधेच खडू तुटला. मधेच एक चिन्ह चुकलं आणि तिने ते पुसलं तेव्हा प्रोफे पटकन म्हणाले, "बघा!", आणि ती तशीच हात वर धरून थिजली. मी खुर्चीत पुढे सरकले होते. शेजारून दोन्या रोसाल्बा कुजबुजली, "काय झालं? चुकली का?"

"नाही," मी म्हटलं. "ती चूक सांगतेय."

"कुणाची?"

"स्वतःची."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलं होतं.

उदाहरण संपल्यावर डॉक्टर कासादेमुंट स्वतः उठल्या, फळ्यापाशी गेल्या, पाठ आमच्याकडे. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. एका ठिकाणी थांबून विचारलं, "इथे डावीकडून वाढवता येत नाही?" हाच तो बाण. योलिमाने सांगितलं का येत नाही. त्या थांबल्या, पुन्हा विचार केला.  मला क्षणभर वाटलं, चूक निघू दे, हे उदाहरणच चूक निघू दे, म्हणजे सगळं वाचेल. योलिमाही तेच मागत असावी.

"उदाहरण बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या, आणि प्रोफेंकडे वळल्या. "मी हे वाचलं होतं, एवेलियो. माझ्याही नजरेतून सुटलं."

 प्रोफेंचा हात टायच्या गाठीपाशी गेला आणि तिथेच राहिला.

परीक्षक बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा निर्णय सांगितला: प्रबंध ह्या रूपात स्वीकारता येत नाही. व्याख्यांच्या चढत्या पायऱ्या असतात. त्यातल्या तिसऱ्या पायरीपर्यंतच्या संचांना सांध्याची गरज पडत नव्हती, तेवढा निकाल शाबूत होता. चौथं प्रकरण काढून, तेवढ्यावर प्रबंध नव्याने लिहून आणावा.

"म्हणजे पास की नापास?" दोन्या रोसाल्बाने मला विचारलं.

"दोन्ही नाही."

"हा कसला निकाल!" ती उठली, बोचकं सोडलं आणि एन्वुएल्तो वाटायला लागली. परीक्षकांना दिले, विद्यार्थ्यांना दिले. प्रोफेंपुढे गेली तेव्हा त्यांनी मान हलवली, हॅट उचलली आणि योलिमाला म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, प्रोफे."

आजवर त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते छत्री न उघडता भुरभुर पावसात निघून गेले.

पुढचे महिने वाईट गेले. व्हिएन्नाच्या विद्यापीठात तिला संशोधनाची जागा मिळायची होती. तिने त्यांना खरं ते कळवलं. त्यांना थांबणं शक्य नव्हतं, दुसऱ्याला घेतलं, उत्तर मात्र फार आदराने लिहिलं. ती माझ्या इंजिनियर मुलांचे वर्ग घ्यायला लागली. प्रबंधाची फाइल उघडायची आणि बंद करायची. कुणी दार वाजवलं की दचकायची. एकदा मला म्हणाली, "आता काहीही वाचलं तरी मला वाटतं, ह्यातही असेल. तुझ्या पुस्तकातही. भागाकारातही."

"भागाकारात नसतं गं."

"कशावरून?"

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

प्रोफेंचा निरोप समारंभ त्यांनीच रद्द करवला. ते विभागात यायचे बंद झाले. योलिमाच्या फोनला उत्तर देत नव्हते. एका रविवारी, रस्ते गाड्यांना बंद आणि सायकलींना मोकळे असतात तेव्हा, मी त्यांना सातव्या रस्त्याच्या मधोमध चालताना पाहिलं. दोन्ही बाजूंनी सायकलवाले घंट्या वाजवत, शिव्या घालत जात होते आणि ते हाताने हवेत काही तरी जोडत, सोडत चालले होते. मी हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. हे मी योलिमाला सांगितलं आणि सांगायला नको होतं असं झालं. तिला रात्रंदिवस एकच भीती लागली की त्यांचं काही तरी बरंवाईट होईल आणि ते तिच्यामुळे होईल. ती त्यांच्या घरापर्यंत जाऊन खिडकीत दिवा आहे का बघून यायची. आत जायची नाही.

मार्चमध्ये एका दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, हातात बाजाराची पिशवी, पिशवीत कागद.

"बसू का?" त्यांनी विचारलं, जणू खोली आमच्या मालकीची होती.

योलिमा उभीच राहिली. मी खुर्ची पुढे केली.

"मी तुझा सांधा दुरुस्त करायला बसलो होतो," ते तिला म्हणाले. "तुला खोटं पाडायचं होतं. सरळच सांगतो. एका रीतीने सांधला, तिथेच कोसळला. दुसऱ्या रीतीने, तिथेच. किती रीती झाल्या ते विचारू नकोस. मग माझ्या डोक्यात आलं की माणूस इतक्या वेळा त्याच खड्ड्यात पडतो तर तो खड्डा रस्त्याचाच भाग असणार." त्यांनी कागद बाहेर काढले. "सांधता येत नाही कारण सांधता येणारच नाही. तुझ्या कसोटीला, चौथ्या पायरीवरचे संच जरी गुणी निघाले, तरी त्या विश्वाच्या पोटात दुर्गम अनंत असावंच लागतं. तुझं उदाहरणच उलटं फिरवलंय. असं मला वाटतं. मला आता माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. तू बघ."

"मी?"

"चूक काढायला तुझ्याइतकं चांगलं कोण आहे इथे?" ते हसायचा प्रयत्न करत होते.

ती वाचायला बसली. ते खिडकीपाशी, त्या न बसणाऱ्या काचेजवळ. मी त्यांना तिंतो आणून दिली, आमची ती पाणचट काळी कॉफी. त्यांनी कप न पिताच खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

"कितवं पान?" त्यांनी विचारलं.

"दुसरं."

थोड्या वेळाने, "अजून दुसरंच?"

"प्रोफे, तुम्ही बोललात की मला पहिल्यापासून वाचावं लागतं."

 सहाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली. मी ते पाहिलं, त्यांनीही पाहिलं. कुणाच्या अंगात असा गारठा शिरताना मी कधी पाहिला नव्हता. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"इथे," योलिमा म्हणाली, "तुम्ही धरून चाललात की हे दोन बिंदू वेगळे आहेत. ते एकच असले तर?"

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "एकच असले तर पडलं. सगळं पडलं."

"थांबा ना." ती फळ्यापाशी गेली. लिहिलं, पुसलं, लिहिलं. तेही हळूहळू वळले, तिच्या मागे येऊन उभे राहिले. एकदा तिच्या हातातून खडू घेतला, एकदा तिने त्यांच्या हातातून घेतला. "असं नाही पोरी, खालून." "खालून अडकतं, प्रोफे. वरून बघा." माझा वर्ग होता, मला जावं लागलं. परत आले तेव्हा दोघं जमिनीवर कागद पसरून बसली होती आणि तिच्या गालाला खडू लागला होता.

"काय?" मी दारातूनच विचारलं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

"दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासाव्या लागतात," योलिमा म्हणाली. "पण उभं राहतंय."

"वाटतंय," प्रोफे म्हणाले. "उभं राहतंय असं वाटतंय."

त्यांनी ते कागद डॉक्टर कासादेमुंटना पाठवले. त्यांचं उत्तर यायला बरेच आठवडे लागले, आणि ते आठवडे कसे गेले ते मी ह्या दोघांच्या शेजारी बसून पाहिलंय. प्रोफे रोज यायचे, "काही आलं?" विचारायचे आणि न बसता जायचे. योलिमा त्या काळात रोज नवी चूक शोधायची आणि ती चूक नाही हे शोधायची. शेवटी उत्तर आलं: सिद्धता बरोबर आहे. पेपर दोघांच्या नावावर गेला. आधीचं प्रमेय खोटं ठरलं असं प्रोफेंनी त्या तिन्ही देशांत स्वतःच्या हाताने कळवलं.

योलिमाने प्रबंध नव्याने लिहिला, तिसऱ्या पायरीपर्यंतचा निकाल आणि पुढे ही नवी सिद्धता. दुसरा व्हायवा ऑगस्टमध्ये झाला, विद्यापीठाच्याच हॉलमध्ये, फाटक उघडं असताना. दोन्या रोसाल्बा आली नाही. "मला नाही सोसत," असं तिने फोनवर सांगितलं. "मी इथे मेणबत्ती लावून बसते. झालं की कळव."

झालं. परीक्षकांनी सह्या केल्या, प्रोफेंनी तिला मिठी मारली आणि लगेच चष्मा पुसायला लागले. योलिमा व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावून उभी राहिली. पलीकडून इतक्या मोठ्याने आवाज येत होता की मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"झालीस? झालीस का डॉक्टर?"

"झाले, आई."

"आणि ह्या वेळी काही मोडलं नाही ना?"

योलिमाने भिंतीला टेकून डोळे मिटले.

"अजून तरी नाही," ती म्हणाली.